घोडा, खिल्लार, म्हैस न्यायला कोणती गाडी? सोलापूरकरांसाठी निवडीची सगळी वाट

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गाड्यांच्या रांगेजवळून एक चक्कर मारली की लक्षात येतं, काल जिच्यातून डाळिंबाची क्रेटं गेली तिच्यातच आज दोन खोंडं उभी आहेत. गाडी वाईट नसते, पण ती मालासाठी बनलेली असते. पोतं ठेवलं तिथं पडून राहतं. जनावर घरापासून बाजारापर्यंत प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला आपल्या चार पायांवर तोल सांभाळत असतं, आणि गाडी कधी वळणार हे त्याला आधी कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा की गाडी निवडताना पाहणी जनावराच्या खुरापासून सुरू करावी. आधी पायाखालची जमीन, मग चढायची वाट, मग हवा आणि ब्रेक. पत्र्याची चमक, रंग आणि पाटीवरची नक्षी सगळ्यात शेवटी.

पहिलं काम वहीत

दुकानात किंवा फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: कोणतं जनावर, एका वेळी किती, आणि वर्षातला सगळ्यात लांबचा प्रवास कोणता.

हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. सोलापुरातून पंढरपूर सत्तरेक किलोमीटर. कार्तिकीला वाखरीच्या बाजारात म्हशी न्यायच्या असतील तर दोन तासांचं काम. दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारात जायचं तर थोडं जास्त. पण दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला घोडी घेऊन जायची म्हटलं की अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र रस्त्यावर जाते. दोन तासांत ज्या त्रुटी खपून जातात त्या बारा तासांत जनावराला आजारी पाडतात. वर्षातून एकदाच लांब जाणार असाल तर त्या खेपेपुरती नीट बनवलेली गाडी भाड्यानं घ्या आणि रोजच्या कामासाठी लहान गाडी ठेवा. दोन्ही कामं एकाच गाडीत कोंबायला गेलं की ती कुठल्याच कामाला धड पुरत नाही.

जनावराचं वजनही वहीत हवं. वयात आलेला खिल्लार बैल साधारण चार-पाचशे किलोचा, पंढरपुरी म्हैस चारशेच्या पुढं, मारवाडी घोडा साडेतीनशे ते साडेचारशे. पंढरपुरी म्हशीची शिंगंही मोजा. तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढं जातात. रुंदी ठरवताना ही शिंगं विसरली तर पुढं पत्रा वाकतो नाहीतर शिंग मोडतं.

जागा: कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०१५ साली १२५-ई हा नियम आला. जनावरं नेणाऱ्या गाडीच्या हौद्यात कायमचे कप्पे हवेत आणि प्रत्येक जनावर स्वतंत्र कप्प्यात उभं राहिलं पाहिजे, असं तो सांगतो. कप्प्याचं कमीत कमी क्षेत्रफळही दिलेलं आहे: गाय किंवा म्हैस २ चौरस मीटर, घोडा किंवा घोडी २.२५ चौरस मीटर, शेळी-मेंढी ०.३ चौरस मीटर. त्या गाडीत दुसरा माल भरायचा नाही, आणि अशा बदललेल्या गाडीला आरटीओकडून वेगळा परवाना लागतो.

फुटांत सांगायचं तर गाईला साडेएकवीस चौरस फूट आणि घोड्याला चोवीसच्या थोडं वर. आपल्याकडच्या मोठ्या पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, म्हणजे एकोणपन्नास-पन्नास चौरस फूट. त्यात दोन बैल नीट मावतात, दोन घोडे कसेबसे, शेळ्या पंधरा. बाजारात याच हौद्यात चार-पाच मोठी जनावरं दाटलेली दिसतात, तेव्हा त्यांतलं एखादं खाली बसलं तर त्याला उठायला जागाच उरत नाही आणि बाकीची त्याला तुडवतात. दाटी केली की जनावरं एकमेकांच्या आधारानं उभी राहतात, हा समज चुकीचा आहे. तोल सांभाळायला पाय फाकवावे लागतात आणि दाटीत नेमकं तेच जमत नाही.

मोठ्या मालट्रकसाठी १९७८ चे प्राणी वाहतूक नियम आहेत. एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नाहीत, घोडे चार ते सहा, आणि सोबत एक माणूस हवाच. गुरांची तोंडं शक्यतो इंजिनाकडं ठेवा आणि घोड्यांची डावीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून लांब, असंही त्यात आहे. घोडा बुजरा असतो, रात्री डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यांनी बिथरतो, हे ओळखूनच तो नियम लिहिलेला आहे. मात्र घोडा आडवा उभा करायला सात-आठ फूट रुंदीचा हौदा लागतो. पिकअपमध्ये तो लांबीतच उभा राहणार.

ट्रॉली, पिकअप की ट्रेलर

ट्रॅक्टरची ट्रॉली शेतातून गोठ्यापर्यंत किंवा गावातल्या गावात ठीक आहे. त्यापुढं नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, स्प्रिंगचे पाटे उसाच्या वजनासाठी कडक ठेवलेले असतात आणि चारशे-पाचशे किलोच्या जनावराखाली ते दबतच नाहीत. प्रत्येक खड्डा सरळ जनावराच्या गुडघ्यात जातो. शिवाय शेतीकामासाठी नोंदवलेली ट्रॉली भाड्याच्या वाहतुकीला वापरता येत नाही.

पिकअप हा आपल्या भागातला खरा पर्याय. चालक मिळतो, गावोगाव दुरुस्ती होते आणि वळवायला सोपी. तिचा एकच मोठा दोष म्हणजे हौद्याची उंची: जमिनीपासून अडीच ते तीन फूट. यावर पुढं बोलू.

वेगळा ओढायचा ट्रेलर घोडेवाल्यांना सगळ्यात सोयीचा. जमीन दीड फुटावर असते, घोडा शांतपणे चढतो, आणि एरवी तुमची गाडी मोकळी राहते. पण ट्रेलर चालवणं हे वेगळं कौशल्य आहे. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं वागतं आणि पाडव्याच्या सुमाराला टेंभुर्णी-अकलूज पट्ट्यात उसाच्या जोडट्रॉल्यांमधून वाट काढताना त्याची परीक्षा होते. चालवणारा माणूस नक्की नसेल तर पिकअपच घ्या.

शेळ्या-मेंढ्यांपुरतंच काम असेल तर जाळीच्या बाजूंची, मधोमध आडव्या दारानं दोन भाग केलेली पिकअप पुरते. सगळा कळप एका भागात ठेवला की ब्रेकला सगळ्या पुढं ढकलल्या जातात आणि पुढच्या गुदमरतात, म्हणून मधलं दार हवंच.

ओढणाऱ्या गाडीचा हिशोब

दोन घोड्यांचा लोखंडी ट्रेलर रिकामा असतानाच टनाच्या आसपास भरतो. त्यात दोन घोडे, पाणी, चारा, खोगीर धरलं की दोन टनांच्या जवळ जातो. आता तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडा आणि ओढण्याची मर्यादा शोधा. दिलेली नसेल तर ती गाडी ओढायच्या कामाची नाही असं समजून चाला. इंजिन ओढू शकतं की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. उतारावर ती गाडी ट्रेलरला थांबवू शकते का, हे पाहायचं असतं. सोलापूर-पुणे रस्ता सपाट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुळजापूरचा घाट घरापासून तासाभराच्या आत आहे.

भरलेला ट्रेलर पाऊण टनाच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. इथं पैसे वाचवू नका. साधी पद्धत म्हणजे पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर जोडावर दाबला जातो आणि त्या दाबानंच त्याचे ब्रेक लागतात. त्यासोबत तुटीची दोरी हवी, म्हणजे जोड सुटलाच तर ती दोरी ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. शिवाय जोडाखाली फुलीसारख्या एकमेकींवरून घेतलेल्या दोन साखळ्या. एकच चाकजोडी असलेल्यापेक्षा दोन एक्सलचा ट्रेलर घ्या. एक टायर फुटला तरी तो लगेच कलंडत नाही.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर यायला हवा. वजन मागं गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि एकदा तो झोका सुरू झाला की चांगला चालकही हतबल होतो. तपासायचं असेल तर वजनकाट्यावर जा. भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडून, पुढच्या टेकूसकट काट्यावर ठेवला की पूर्ण वजन कळतं. गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवली की जो आकडा कमी येतो तेवढं वजन जोडावर आहे.

एकच घोडा न्यायचा असेल तर उजव्या कप्प्यात, म्हणजे चालकाच्या बाजूला, उभा करा. आपले रस्ते मधोमध फुगीर आणि डाव्या कडेला उतरते असतात. वजन डावीकडं असेल तर ट्रेलर कडेच्या मुरुमाकडं ओढ घेतो. दोन असतील तर जड तो उजवीकडं.

पायाखालची जमीन

नुसता नक्षीचा लोखंडी पत्रा ही सगळ्यात वाईट जमीन. मूत पडलं की तो साबणासारखा होतो, आणि नाल मारलेल्या घोड्याला तर कोरडा असतानाही धोक्याचा. मजबूत लाकडी फळ्या किंवा पत्रा, आणि त्यावर जाड, खरबरीत रबर मॅट, असं करून घ्या. मॅट मोकळी ठेवली तर कडा वर येऊन खूर अडकतो, म्हणून घट्ट बसलेली हवी, पण धुताना उचलता आली पाहिजे. वर उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड पसरलं की मूत शोषलं जातं. सुटा भुसा टाकू नका. चालत्या गाडीत तो उडून डोळ्यांत आणि नाकात जातो.

जमिनीला मागच्या बाजूला अगदी हलका उतार आणि कोपऱ्यात पाणी जायला भोकं ठेवायला सांगा. फॅब्रिकेटर हे स्वतःहून करत नाहीत. खालचे चॅनल सडायला सुरुवात होते ती नेहमी साचलेल्या मुतानं.

चढायची वाट

जनावर गाडीत चढत नाही म्हणून जी मारहाण होते, शेपटी पिरगाळली जाते, त्यामागं बहुतेक वेळा जनावराचा हट्ट नसतो, वाट चुकीची असते. एक हिशोब लक्षात ठेवा: जमिनीची उंची जितकी, त्याच्या तिप्पट लांब उतार. तेवढ्यात चढण वीस अंशांच्या आत राहते. दीड फुटाच्या ट्रेलरला साडेचार फुटांचा फाळका, म्हणजे मागचं खाली पडणारं दार, उतार म्हणून चालतो. अडीच फुटांच्या पिकअपला साडेसात फूट लागतात, आणि तिचा मूळ फाळका तर दोन फुटांचाही नसतो. म्हणून पिकअप घेणाऱ्यानं वेगळा लोखंडी उतार बनवून घ्यावा: हौद्याला वरून अडकणारा, खाली टेकू असलेला, साधारण दर आठ इंचांवर आडवी पट्टी ठोकलेला आणि वर रबर लावलेला. दोन्ही कडांना निदान कमरेएवढा कठडा हवा. पायाखालची फळी वाजली आणि डुलली की घोडा तिथंच थबकतो.

गावाकडची बांधाला किंवा मुरुमाच्या ढिगाला गाडी टेकवून जनावर सरळ आत नेण्याची रीत मला फार आवडते. घरी रोजचं काम असेल तर गोठ्याजवळ दगड-मातीचा कायमचा ओटा बांधा, हौद्याच्या उंचीचा. लोखंडी उताराचा खर्चही वाचेल. मात्र बाजारात दुसऱ्या टोकाला ओटा असेलच असं नाही, म्हणून उतार सोबत लागतोच.

गाडीच्या आत उजेड हवा. घोडा आणि बैल दोघंही उन्हातून काळोख्या पोकळीत पाय टाकायला घाबरतात. पुढून उजेड येईल अशी खिडकी, आतून फिकट रंग आणि रात्रीसाठी आत एक दिवा, एवढ्यावर निम्मी ओढाताण संपते.

कप्पे, दांड्या आणि बांधणं

घोड्याच्या ट्रेलरमध्ये मधला पडदा पत्र्याचा आणि थेट जमिनीपर्यंत नसावा. वरच्या भागात मजबूत दांडी किंवा फळी, आणि खाली लोंबतं जाड रबर. वळणावर घोड्याला पाय पलीकडं फाकवता आला पाहिजे. तो अडला की बावरलेला घोडा भिंतीवर चढायला बघतो. दोन अनोळखी घोडे किंवा घोडा-घोडी असतील तर तोंडापाशी मात्र जाळीचा पडदा हवा, म्हणजे चावाचावी होत नाही. छातीपुढची आणि ढुंगणामागची दांडी गादी गुंडाळलेली आणि भार असतानाही बाहेरून सोडता येईल अशी. पुढं माणसाला निसटायला लहान दार हवंच. आत घोडा बिथरला आणि माणूस कोपऱ्यात अडकला, तर ते दार जीव वाचवतं. घोड्यासाठी आतली उंची सात फुटांच्या खाली नको.

बैलाला वेसणीनं कधीही गाडीत बांधू नका. एक झटका बसला की नाकपुडी फाटते. म्होरकीला बांधा. घोड्याला लगामानं नाही, हेडकॉलरनं. गाठ सुरगाठ, एका ओढीत सुटणारी, आणि बांधायची कडी जनावराच्या खांद्याच्या उंचीला.

घोड्याची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. त्याचं डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं तर श्वासनळीतला कफ खाली उतरून फुप्फुसात जातो आणि प्रवासानंतर ताप, न्यूमोनिया होतो. दोरी इतकी ठेवा की डोकं छातीच्या उंचीपर्यंत खाली येईल, पण पायात अडकणार नाही. लांबच्या खेपेत दर चार तासांनी थांबून डोकं पूर्ण खाली घालू द्या.

चढवताना आधी मागची दांडी लावा, मग डोकं बांधा. उतरवताना आधी डोकं सोडा, मग मागची दांडी. हा क्रम गाडीवरच्या प्रत्येक माणसाला पाठ असला पाहिजे. दांडी आधी काढली तर जनावर मागं सरकतं, दोरी ताणली जाते, ते घाबरतं आणि उलटं पडतं.

हवा आणि आपलं ऊन

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि उभ्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये त्याहून कितीतरी जास्त होतो. चालत्या गाडीत वारा लागतो, खरा धोका थांबलेल्या गाडीत असतो. म्हणून दोन्ही बाजूंना डोक्याच्या उंचीवर लांब पट्टीच्या खिडक्या आणि छपरावर हवेची झाकणं हवीत. छप्पर पांढरं आणि शक्य असेल तर दुहेरी, मध्ये हवेची पोकळी ठेवून. ताडपत्री चारी बाजूंनी ओढून बांधलेली पिकअप म्हणजे भट्टी. ताडपत्री वर ठेवा, बाजू मोकळ्या ठेवा. वारा सरळ डोळ्यांवर येऊ नये म्हणून पुढची बाजू तेवढी बंद.

म्हशीची जास्त काळजी घ्या. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी. तिला ऊन बैलापेक्षा लवकर लागतं. उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे निघा, आणि पाण्याचा पिंप बसवायला गाडीतच जागा करून घ्या. दोन मोठ्या जनावरांना शंभर लिटर तरी सोबत असावं. घोडा अनोळखी पाणी पुष्कळदा पीत नाही, घरचं पाणी पितो. टोलनाक्यावर, ढाब्यावर सावली बघूनच थांबा, आणि जेवायला सगळे एकदम उतरू नका.

बनवून घेताना, जुना घेताना

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम चांगलं होतं. पण शक्यतो आधी जनावरांची गाडी बनवलेल्या कारागिराकडं जा, आणि त्यानं बनवलेली गाडी वापरणाऱ्या माणसाशी बोला. आतली प्रत्येक कड घासून गोल केलेली आहे का, एकही बोल्ट आत डोकावत नाही ना, हे हात फिरवून बघा. जिथं तुमच्या हाताला ओरखडा उठेल तिथं जनावराची कातडी फाटेल.

जुना ट्रेलर बघताना मॅट उचलायला लावा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. फळ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, रुतला तर लाकूड कुजलंय. खाली झोपून चॅनल आणि जोडाजवळचं वेल्डिंग बघा. ताज्या रंगाखाली जुनी तडा लपवलेली असते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर उभाच जास्त असतो, त्यामुळे नक्षी नवीन दिसते पण रबर वाळून तडकलेलं असतं. शेवटी दहा-पंधरा किलोमीटर चालवून चाकाच्या मध्यावर हात लावा. एकच चाक गरम लागलं तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलेला आहे.

कागद

कायद्यानं ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याची स्वतःची नोंदणी, नंबर आणि विमा लागतो. ओढणाऱ्या गाडीच्या विम्यात तो आपोआप येतो असं धरू नका, पॉलिसीत त्याचा उल्लेख करून घ्या. हौद्यात बदल केला तर तो आरसी बुकावर चढवून घ्या.

प्रवासाला निघताना पशुवैद्यकाचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र, बाजाराची खरेदी पावती आणि कानातला बारा आकडी बिल्ला जुळणारा असावा. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्यानं बैल-गाय नेताना गाडी अडवली जाते. कागद पूर्ण असतील तर जनावराला उन्हात तासन्‌तास थांबावं लागत नाही. लम्पीच्या लसीची नोंद सोबत ठेवा, २०२२ मध्ये त्या साथीनं बाजार आणि वाहतूक दोन्ही बंद पाडली होती. घोड्यांसाठी बाहेरच्या जत्रेला जाण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. तो रोग माणसालाही होतो.

गाडी घरी आल्यावर

पहिले काही दिवस ती गोठ्याजवळ, फाळका उघडा टाकून, उभी करून ठेवा. पिकअप असेल तर उतार लावून. ट्रेलर सुटा असेल तर गाडीला जोडून किंवा मागं-पुढं टेकू लावूनच, नाहीतर घोडा मागं चढताच तो उचलला जातो. आत थोडा चारा किंवा चंदी ठेवा. जनावर स्वतःहून आत-बाहेर करू लागलं की मग दार लावा, मग इंजिन सुरू करून नुसतं उभं राहा, मग गावातून एक फेरी. बुजऱ्या घोड्याच्या शेजारी सरावलेला घोडा किंवा शांत बैल असला की काम निम्म्या वेळात होतं. शेवटच्या महिन्यातली गाभण जनावरं यात आणू नका.

पहिल्या खऱ्या खेपेला वेग चाळीस-पन्नासच्या आत ठेवा, वळणाच्या आधीच गाडी हळू करा आणि वळण संपल्यावरच वेग द्या. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा, नवीन चाकांचे ते हमखास सैल होतात. त्याच थांब्यावर जोड, साखळ्या, दिवे आणि जनावराच्या दोरीची लांबी एकदा बघून घ्या.